वृद्धाश्रमाची परीक्षा कोणती ?

वाढदिवस असो, वडिलांचें श्राद्ध असो, किंवा दुकानाच्या नव्या वहीचा मुहूर्त असो, त्या निमित्तानें वृद्धाश्रमांत एक वेळचें जेवण घालण्याची चाल आमच्या व्यापारी व नोकरदार वर्गांत अलीकडे चांगलीच रूढ झाली आहे. ही चाल स्तुत्य आहे, याविषयीं आमचा वाद नाहीं. परंतु ज्या दिवशीं दाता येतो त्या दिवशीं अंगण झाडलेलें असतें, चादरी धुतलेल्या असतात, पानांत गोड पदार्थ असतो आणि म्हातारीं माणसें स्वच्छ कपडे घालून ओळीनें बसविलेलीं असतात. छायाचित्र निघतें, तें चार लोकांस दाखविलें जातें, आणि दाता समाधानानें घरीं जातो. आमचा प्रश्न बाकीच्या तीनशें चौसष्ट दिवसांविषयीं आहे, आणि त्यांतही रात्रींविषयीं अधिक आहे. अंथरुणास खिळलेल्या माणसाची कूस रात्रीं दोन वाजतां कोणी बदलतो काय ? वृद्धाश्रमाची खरी परीक्षा आमच्या मतें हीच होय. ती घेऊन तिचा निकाल लोकांपुढें मांडणारी व्यवस्था आज आमच्याकडे नाहीं, हें आम्हांस खेदानें लिहावें लागत आहे.

पाथरीसारख्या तालुक्याच्या गांवीं हा पुण्यामुंबईचा प्रश्न कशाला, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, हा प्रश्न शहराचा राहिलेला नाहीं. सन २०११ च्या जनगणनेंत महाराष्ट्रांत साठी ओलांडलेल्या माणसांचें प्रमाण शेंकडा सुमारें दहा होतें, म्हणजे दर दहा माणसांत एक वृद्ध. पाथरी, मानवत, सेलू या टापूंतील शिकलेला मुलगा पोटासाठीं पुण्यास किंवा छत्रपती संभाजीनगरास जातो. न शिकलेला दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीस जातो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतो. दोघांच्याही मागें घर राखावयास राहतात तीं म्हातारीं माणसें. ज्यांस मूलच नाहीं अशा विधवा, ज्यांचा तरणाताठा मुलगा त्यांच्याआधीं गेला असे आईबाप, ज्यांनीं लग्नच केलें नाहीं असे इसम, हे निराळेच. या सर्वांस 'मुलांनीं सांभाळावें' असा उपदेश करून समाजाचें कर्तव्य संपत नाहीं. मुलगे कृतघ्न झाले ही ओरड कांहीं अंशीं खरी असेल. परंतु ती करीत बसल्यानें कोणाही आजारी म्हातारीस पेजेची वाटी मिळत नाहीं. वृद्धाश्रम ही कुटुंबाची बेअब्रू आहे ही समजूत टाकून, ती दवाखान्यासारखी एक आवश्यक संस्था आहे असें मानलें, तरच तिचे गुणदोष आपण धडपणें पाहूं शकूं. लाजेनें झांकून ठेवलेल्या गोष्टीची तपासणी होत नाहीं, आणि जिची तपासणी होत नाहीं ती सुधारत नाहीं.

या संस्था महाराष्ट्रांत कांहीं काल उगवलेल्या नाहींत. पुण्यास डेव्हिड ससून यांच्या नांवानें निराधार व पंगु वृद्धांसाठीं एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकांत आश्रयस्थान निघालें. तेंच पुढें 'निवारा' म्हणून ओळखलें जाऊं लागलें. राज्य सरकारनें १९६३ पासून स्वयंसेवी संस्थांच्या वृद्धाश्रमांस अनुदान देण्याची योजना ठेवली आणि १९९५ सालीं 'मातोश्री वृद्धाश्रम' या नांवाची दुसरी योजना काढली. पुढें २००७ सालीं आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाचा व कल्याणाचा कायदा संसदेनें केला, आणि महाराष्ट्रानें त्याखालील नियम २०१० सालीं केले. या कायद्याप्रमाणें उपविभागीय अधिकाऱ्याच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढें वृद्धास वकिलावांचून पोटगी मागतां येते. पोटगीची कमाल मर्यादा महिन्यास दहा हजार रुपये ठेविली आहे. वृद्धास बेवारस टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा पांच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत.

या कायद्याचें एकोणिसावें कलम आमच्या वाचकांनीं विशेष लक्षांत ठेवावें. दर जिल्ह्यास निदान एक, व निदान दीडशें निराधार वृद्धांची सोय होईल असा, वृद्धाश्रम सरकारनें काढण्याची गोष्ट त्यांत आहे, आणि अशा आश्रमांत सेवेचा दर्जा कोणता असावा हें ठरविण्याचीही आहे. परंतु शब्दयोजना अशी आहे कीं, सरकार असें 'करूं शकेल'. 'करील' आणि 'करूं शकेल' यांतील अंतर व्यापाऱ्यांस आम्ही काय समजावून सांगावें ? 'मी तुमचे पैसे देऊं शकेन' असें लिहून देणाऱ्या कुळास कोणता सावकार कर्ज देतो ? सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर २०१८ मध्यें डॉ. अश्वनी कुमार यांच्या अर्जावर निकाल देतांना, प्रत्येक जिल्ह्यांत वृद्धाश्रम किती आहेत व तेथें औषधोपचाराची सोय काय आहे याची माहिती राज्यांकडून गोळा करण्यास केंद्र सरकारला सांगितलें. कायदा होऊन अकरा वर्षें लोटल्यावरही नुसती मोजदाद करण्याचा हुकूम न्यायालयास द्यावा लागला, यावरून या खात्याची झोंप किती गाढ होती हें दिसतें. पुढें २०१९ सालीं वृद्धनिवासांची नोंदणी सक्तीची करणारें व किमान दर्जा ठरवूं पाहणारें दुरुस्ती-विधेयक लोकसभेंत आलें. तें समितीकडे गेलें, समितीनें अहवाल दिला, आणि २०२४ सालीं लोकसभा विसर्जित झाली तेव्हां तें मंजूर न होतांच संपलें.

सार्वजनिक न्यासांच्या हिशेबांची तपासणी होते, धर्मादाय आयुक्तांकडे ताळेबंद जातो, हें खरें. परंतु ताळेबंदांत तांदळाचीं पोतीं दिसतात, तो भात कोणाच्या पोटांत गेला हें दिसत नाहीं. हिशेब तपासावयास नेमलेला माणूस आहे. माणसें तपासावयास नेमलेला माणूस बहुतेक ठिकाणीं नाहीं.

याचा परिणाम काय होतो याचें एक उदाहरण पुरे आहे. जून २०२५ मध्यें दिल्लीशेजारच्या नोएडा शहरांत, एका वृद्धेच्या हालांची चित्रफीत लोकांत पसरल्यावर, उत्तर प्रदेशच्या महिला आयोगानें व पोलिसांनीं एका वृद्धाश्रमावर छापा घातला, तेव्हां बांधून व कोंडून ठेवलेलीं माणसें तेथें आढळलीं, आणि सुमारें चाळीस वृद्धांची सुटका करावी लागली. हा आश्रम कोणत्याही आडरानांत नव्हता. राजधानीच्या दाराशीं, सुशिक्षितांच्या वस्तींत होता. तेथील वृद्धांचे नातेवाईक सगळेच दरिद्री होते असेंही नाहीं. श्रीमंत राष्ट्रांनींही या बाबतींत बढाई मारूं नये. सन २०२० च्या महामारींत स्पेन देशांतील कांहीं वृद्धनिवासांत सैनिक निर्जंतुकीकरणास गेले असतां, टाकून दिलेले वृद्ध, व कांहीं ठिकाणीं अंथरुणांतच मेलेले वृद्ध, त्यांस आढळले, असें त्या देशाच्या संरक्षणमंत्र्यांनींच सांगितलें. फरसबंदी उत्तम होती, खाटा उत्तम होत्या. खाटेपाशीं येणारा माणूस नव्हता.

म्हणून आमचें पहिलें म्हणणें असें कीं, इमारत पाहून आश्रमाची किंमत करूं नका. मोंढ्यांतील धान्याचा व्यापारी पोत्याचें तोंड पाहून भाव करीत नाहीं; तो पोत्याच्या पोटांत सळई खुपसून आंतला दाणा काढून पाहतो. कापसाचा व्यापारी गाडीच्या वरचा शुभ्र थर पाहून फसत नाहीं. तो मधला कापूस मुठींत घेऊन त्याचा धागा ताणून पाहतो. पाथरी-मानवतच्या बाजारांत ज्याचें आयुष्य गेलें त्यास ही विद्या शिकवावयास नको. तीच विद्या दानाच्या बाबतींत तो कां विसरतो, एवढेंच आम्हांस विचारावयाचें आहे. आश्रमांतील हिंडतेफिरते, बोलके, भजन म्हणणारे वृद्ध हा वरचा थर होय. आंतला दाणा म्हणजे ज्यास उठतां येत नाहीं, ज्यास आठवत नाहीं, ज्यास बोलतां येत नाहीं, आणि ज्यास भेटावयास कोणी येत नाहीं, तो वृद्ध. त्याची स्थिति तीच आश्रमाची खरी प्रत.

ही प्रत ओळखावी कशी ? याकरितां मोठ्या शास्त्राची गरज नाहीं. पहिली गोष्ट कातडीची. अंथरुणास खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनीं बदलावी असा शुश्रूषेचा जुना ठोकताळा आहे. ती बदलली नाहीं, ओलें अंथरूण तसेंच राहिलें, तर माकडहाडापाशीं, टाचांस व खुब्यांस जखमा पडतात आणि त्या हाडापर्यंत जातात. आश्रमांत अशा जखमा किती जणांस आहेत, आणि त्यांपैकीं किती आश्रमांत आल्यावर झाल्या, या दोन आंकड्यांवरून रात्रपाळीची सगळी हकीकत कळते.

दुसरी गोष्ट वजनाची. महिन्याभरांत वजन शेंकडा पांच, किंवा सहा महिन्यांत शेंकडा दहा, विनाकारण उतरलें तर तो धोक्याचा इशारा समजतात. पन्नास किलो वजनाच्या बाईच्या बाबतींत हे महिन्याचे अवघे अडीच किलो होतात. डोळ्यांस तें दिसत नाहीं, काट्यास दिसतें. दरमहा वजन करून वहींत लिहिण्यास खर्च कांहींच येत नाहीं, मात्र पोटांत काय जातें हें त्यावरून तत्काळ उघड होतें. आमच्याकडे ज्वारीची भाकरी हें मुख्य अन्न. दांत नसलेल्या माणसाच्या पानांत कोरडी भाकरी वाढली म्हणजे यादीप्रमाणें जेवण झालें, पण माणूस उपाशी राहिला. ती दुधांत किंवा वरणांत कुस्करून द्यावयास, आणि हात कांपत असेल तर भरवावयास, वेळ देणारा माणूस लागतो.

तिसरी गोष्ट पाण्याची व शौचकूपाची. पुष्कळ म्हातारीं माणसें संध्याकाळनंतर पाणी पीत नाहींत, कां तर रात्रीं उठावें लागेल, आणि उठवावयास कोणी येणार नाहीं, किंवा आला तर ओरडेल. या भीतीनें मूत्राचे विकार, बद्धकोष्ठ व भ्रम वाढतात. शौचकूपाच्या वाटेवर रात्रीं दिवा आहे काय, भिंतीस धरावयास दांडी आहे काय, फरशी ओली असते काय, हें पाहावें. कारण उतारवयांत खुब्यापाशीं हाड मोडलें म्हणजे पुष्कळदां माणूस पुन्हां पहिल्यासारखा चालता होत नाहीं. ऋतूचाही विचार आहे. परभणी जिल्ह्याचा उन्हाळा बेचाळीस अंशांच्या पुढें जातो, आणि पौष-माघांत कांहीं वर्षीं पारा पांच-सहा अंशांपर्यंत उतरतो. पत्र्याच्या छपराखालीं वैशाखांत, आणि एका घोंगडीवर पौषांत, वृद्ध शरीराचें काय होतें हें सांगावयास नको.

चौथी गोष्ट शांततेची. रात्रीं आश्रम शांत असतो हें उत्तम लक्षणच असें नाहीं. गुंगीच्या गोळ्यांनींही शांतता होते. अमेरिकेंत १९८७ च्या कायद्यानें, सरकारी पैसा घेणाऱ्या शुश्रूषागृहांत, शिक्षा म्हणून किंवा व्यवस्थापकांच्या सोयीकरितां, माणसास बांधून ठेवण्यास अथवा औषधानें जखडण्यास मनाई केली. आपल्याकडे कोणास कोणती गोळी कोणत्या डॉक्टरच्या सांगण्यावरून दिली जाते याची चिठ्ठी प्रत्येक खाटेमागें असावी, ही मागणी कांहीं फार मोठी नाहीं.

पांचवी गोष्ट स्वातंत्र्याची, आणि ती आम्ही सर्वांत महत्त्वाची मानतों. पीटर टाउन्सेंड या इंग्रज समाजशास्त्रज्ञानें इंग्लंड व वेल्समधील १७३ वृद्धनिवास पाहून १९६२ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. उद्योग, एकांत, स्वतःच्या चार वस्तु आणि स्वतःचा निर्णय हीं सर्व गेल्यावर माणूस कसा खचतो, हें त्यानें दाखविलें. आमच्या आश्रमांस आम्ही हेच प्रश्न विचारतों. येथें येण्यापूर्वीं त्या वृद्धाची संमति कोणी घेतली काय ? त्याचें पेन्शनचें पासबुक कोणाच्या हातीं आहे ? त्यास फोन करतां येतो काय, बाहेर पडतां येतें काय, आणि तक्रार केली तर ती ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्याच कानावर जाते काय ? आणखीही एक प्रश्न आहे. येथें जात किंवा धर्म पाहून प्रवेश मिळतो काय, पंगती निराळ्या बसतात काय, आणि मलमूत्र काढण्याचें काम अमक्याच जातीच्या बाईकडे लावून दिलेलें आहे काय ? निराधारपणास जात नसते. ज्या आश्रमांत ती शिरली, त्यानें चार भिंतींच्या आंत गांवचा जुना अन्यायच पुन्हां उभा केला.

या सर्व गोष्टी ज्याच्यावर अवलंबून आहेत तो परिचारक वर्ग मात्र आमच्या दानाच्या हिशेबांत कधींच येत नाहीं. एक माणूस चोवीस तास हजर राहावयाचा तर दिवसाच्या तीन पाळ्या व आठवड्याची सुटी धरून निदान चार माणसें नेमावीं लागतात. दाते खाटा देतात, पंखे देतात, मिठाई देतात, आणि प्रत्येक वस्तूवर नांव घालून घेतात. पगारावर नांव घालतां येत नाहीं म्हणून पगार कोणी देत नाहीं. परिणाम असा कीं, दिवसभर राबलेली तीच बाई रात्रींही उठवली जाते, आणि मग ती चिडली तर दोष तिला ! तिची चीड ही तिच्या स्वभावाची नव्हे, आमच्या दानपद्धतीची निष्पत्ति आहे.

आमच्या या सूचनांवर आक्षेप येतील हें आम्ही जाणतों. कोणी म्हणतील, चालक बिचारे पदरमोड करून निराधारांस अन्न देतात, त्यांना हे प्रश्न विचारणें म्हणजे 'धर्माचे गायी, आणि दांत कां गे नाहीं' असें म्हणण्यासारखें आहे. ही म्हण येथें लागू पडत नाहीं, कारण दान घेणारा वृद्ध दांत मोजीत नाहीं. मोजावयास आम्ही दात्यांस सांगत आहों. प्रामाणिक चालकांस अशा तपासणीनें अपाय होणार नाहीं. उलट आज त्यांची व भोंदूंची किंमत बाजारांत सारखीच होते, ती तपासणीनंतर निराळी होईल. दुसरे म्हणतील, पैसा कोठें आहे ? पैशाची अडचण खरी आहे. राज्याच्या श्रावणबाळ योजनेंत निराधार वृद्धास महिन्यास दीड हजार रुपये मिळतात, म्हणजे दिवसास पन्नास. आणि केंद्राच्या वृद्धत्व-निवृत्तिवेतन योजनेंतील साठ ते एकोणऐंशी वयाच्या माणसासाठींचा केंद्राचा वांटा तर महिन्यास दोनशें रुपयांवरच राहिला आहे. एवढ्यांत परिचारक ठेवतां येत नाहीं. सरकारनें हे आंकडे वाढविलेच पाहिजेत. परंतु वजनाची वही, औषधांची चिठ्ठी, रात्रीचा दिवा आणि पांढरपेशा अरेरावीच्या जागीं गोड शब्द, यांस सरकारी मंजुरी लागत नाहीं.

इंग्लंडांत केअर क्वालिटी कमिशन नांवाचें मंडळ २००९ पासून ही परीक्षा घेतें. निवास सुरक्षित आहे काय, उपचार गुणकारी आहेत काय, वागणूक मायेची आहे काय, ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणें सेवा मिळते काय, आणि कारभार चांगला आहे काय, अशा पांच प्रश्नांवर चार प्रतींपैकीं एक प्रत ठरते, आणि ती निवासाच्या दर्शनी भागीं लावावी लागते. या मंडळावरही २०२४ सालीं कडक टीका झाली, कारण पुष्कळ ठिकाणीं वर्षानुवर्षें पाहणीच झाली नव्हती असें उघडकीस आलें. यावरून पद्धत वाईट ठरत नाहीं. तपासणाराचीही तपासणी हवी, इतकेंच ठरतें.

आपण काय करावें ? कायदा होईपर्यंत हात जोडून बसण्याचें कारण नाहीं. पाथरी, मानवत व सेलू येथील व्यापारी मंडळींनीं, डॉक्टरांनीं व शिक्षकांनीं मिळून एक पाहणी-समिति नेमावी. तींत एक डॉक्टर, एक अनुभवी परिचारिका, हिशेब जाणणारा एक व्यापारी, निदान दोन स्त्रिया, आणि स्वतः साठी ओलांडलेला निदान एक सभासद असावा. ज्या आश्रमास या टापूंतून वर्गणी जाते, मग तो परभणीस असो, नांदेडास असो कीं आणखी कोठें असो, त्यास या समितीनें वर्षांतून दोनदां भेट द्यावी. एक भेट कळवून आणि दुसरी न कळवितां, सूर्यास्तानंतर. चालकांच्या गैरहजेरींत वृद्धांशीं बोलावें, वर सांगितलेल्या गोष्टी वहींत टिपाव्या, आणि अहवाल वर्तमानपत्रांत द्यावा. जो आश्रम दार उघडील त्यास वर्गणी वाढवून द्यावी, आणि ती खाटांकरितां न देतां रात्रीच्या परिचारकांच्या पगाराकरितां द्यावी. जो दार लावील त्याची वर्गणी थांबवून, तेथील वृद्धांबद्दल जिल्हाधिकारी व समाजकल्याण खातें यांस लेखी कळवावें. एकट्यादुकट्या वृद्धाच्या हालांची बातमी कळल्यास १४५६७ हा ज्येष्ठ नागरिकांचा फुकट फोन आहे, तो वापरावा.

पाथरीच्या बाबतींत या गोष्टीस आणखी एक कारण आहे. साईबाबांचें जन्मस्थान म्हणून भाविक या गांवीं येतात. जानेवारी २०२० मध्यें पाथरीच्या विकासाकरितां शंभर कोटींची घोषणा झाली तेव्हां शिर्डीकरांनीं बंद पाळला, आणि जन्मस्थानाचा वाद राज्यभर गाजला. त्या वादांत आम्हांस पडावयाचें नाहीं. परंतु जेथें यात्रेकरू येतात तेथें दानाचा ओघ येतो, आणि दानाच्या ओघाबरोबर सेवेच्या पाट्याही लागतात, हा सर्व तीर्थक्षेत्रांचा अनुभव आहे. तीर्थ म्हणून गाजलेल्या वृंदावनांत निराधार विधवांची हलाखी इतकी वाढली कीं, तिची दाद सर्वोच्च न्यायालयास घ्यावी लागली. आपल्या गांवीं पाट्या लागण्याआधींच त्यांच्या परीक्षेची रीत घालून ठेवणें शहाणपणाचें होईल. यात्रेकरूंसाठीं रस्ते व भक्तनिवास यांची आंखणी नगरपरिषद व सरकार करतील, तेव्हां अंथरुणास खिळलेल्या निराधारांसाठीं दहा खाटांचा, रात्रंदिवस परिचारक असलेला एक शुश्रूषाकक्ष त्यांत असावा, अशी मागणी नागरिकांनीं आजच लेखी करून ठेवावी.

आणि आमदार-खासदारांस आमचें एकच मागणें आहे. संपलेलें विधेयक पुन्हां आणा. त्यांत 'करूं शकेल' हे शब्द काढून 'करील' हा शब्द घाला. नोंदणी, किमान दर्जा, न कळवितां पाहणी आणि अहवालाची प्रसिद्धि या चार गोष्टी सक्तीच्या करा. मतें मागावयास ते पुन्हां येतील तेव्हां मतदारांनीं या चार गोष्टींचें उत्तर त्यांच्याकडून मागावें. आज चाळिशीच्या घरांत असलेला वाचक हे नियम दुसऱ्या कोणासाठीं मागतो आहे असें त्यास वाटत असेल, तर त्यानें आपलें वय आणि आपलीं परगांवीं शिकत असलेलीं मुलें यांचा हिशेब एकदां मांडून पाहावा.